चुलीशेजारचा खिळा

विल्कोवे, १८ मार्च २०२३
(आपल्या जुन्या पंचांगाने ५ मार्च)

येव्सेय,

तुझं पत्र मिळालं. पेरिप्रावाहून मेलान्याने ते इझमाइलच्या ड्रायव्हरकडे दिलं आणि त्या शहाण्याने ते माझ्याऐवजी शेजारच्या हापकाच्या हातात ठेवलं. त्यामुळे माझ्याआधी ते तिने वाचलं आणि मला अर्थासकट समजावून सांगितलं. ही आपली चुलत बहीण नदीच्या पलीकडच्या, रुमानियाच्या काठावर राहते, माझ्या अंगणातून तिच्या गावाचा धूर दिसतो, तरी पत्र मात्र दोन देशांना वळसा घालून येतं. तुझ्या रशियातल्या रोस्तोवहून इथे यायला त्याला पाच आठवडे लागले.

वर्षभराने तुला बहीण आठवली. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत फोनवर तू शेवटचं काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "फेन्याताई, तीन दिवस तळघरात बसून राहा, आमची माणसं येतील आणि सगळं सुरळीत होईल." तळघरात! आपल्या गावात फावडं मारलं की हातभर खाली पाणी लागतं. आपल्या आजाने बोरू आणि गाळ थापून घर उभं केलं, दर वसंतात कालव्यातला गाळ काढून अंगणाला घालावा लागतो, नाहीतर अंगण नदीत जातं. त्या गावात तू मला तळघरात बसवतोस. तेव्हाच मी फोनमधून तुझं नाव पुसून टाकलं. चाळीस वर्षांत माणूस एवढं विसरत असेल तर तो आपला उरत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

आता लिहितोस की आमच्यावर अन्याय होतोय, आमची भाषा हिसकावून घेतायत, आम्ही रशियन आहोत हे आम्हाला विसरायला लावतायत. हे पत्र मी कुठल्या भाषेत लिहितेय रे? हापकाशी तीस वर्षं भांडतेय तेही याच भाषेत. ती तिच्या युक्रेनीत शिव्या घालते, मी माझ्या रशियनमध्ये. दोघींपैकी एकीलाही आजवर दुभाष्याची गरज पडलेली नाही.

खोटं बोलणार नाही. कुरबुरी आहेत. इझमाइलच्या कचेरीत एका पोरीने माझ्याशी रशियन बोलायला साफ नकार दिला. माझ्या नातीच्या वयाची पोर. मला अपमान वाटला, घरी येऊन मी रडलेही. गावात नवीन आलेले सैनिक आपल्या लोकांच्या दाढ्यांकडे आणि बोलण्याकडे जरा जास्तच वेळ बघतात. पण त्यासाठी मी कुणाला रणगाडे घेऊन बोलावलं नव्हतं. कचेरीतल्या पोरीशी भांडायला मी एकटी पुरेशी आहे.

आणि रशियन असण्याचं म्हणशील तर ते तू मला शिकवू नकोस. तीनशे वर्षांपूर्वी झारने आपल्या लोकांना सांगितलं, दाढ्या कापा आणि दोन बोटांऐवजी तीन बोटांनी क्रूस काढा. आपल्या लिपोवान लोकांनी दाढी राखली, बोटं दोनच राखली आणि देश सोडून या चिखलात येऊन राहिले. आपण रशियन आहोत म्हणूनच इथे आहोत. उस्तिन्या आजीने या एका कालव्याच्या काठावर चार राज्यं पाहिली. झारचं, रुमानियाचं, सोविएतांचं आणि मरायच्या आधी दोन वर्षं युक्रेनचं. चौथ्याबद्दल ती म्हणायची, हे पहिलं राज्य असं आलं की येण्याआधी त्यांनी मला विचारलं. एक्क्याण्णवच्या डिसेंबरात मी तिला होडीत घालून मतदानाला नेली होती. नव्वदीच्या म्हातारीने चिठ्ठी टाकली आणि पेटीला दोन बोटांनी क्रूस काढला.

झिनोवी आघाडीवर आहे. तुझा भाचा. त्याच्या तुकडीत सगळे त्याला "दाढीवाला" म्हणतात आणि त्याच्या वाटीतून दुसरं कुणी पाणी पीत नाही, कारण त्याने पहिल्याच दिवशी, आपल्या पंथाच्या रीतीप्रमाणे, आपली वाटी वेगळी आहे असं सांगून ठेवलं. त्यांनी त्या वाटीवर रंगाने नाव घालून दिलं.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की ईस्टरनंतर तेरेंती नावाचा तुझ्या ओळखीचा माणूस येईल, झुरिलोव्काचा, रुमानियातला, आपल्याच पंथाचा, त्याला जरा नदी दाखव. येऊ दे. चहा देईन. पण एक विचारते. एवढं एक मला कळलं तर बाकी काहीही नाही कळलं तरी चालेल. तू माझा भाऊ उरला आहेस की नाही?

फेव्रोन्या


विल्कोवे, २९ एप्रिल २०२३

येव्सेय,

तुझा माणूस आला होता. आता तू खुर्चीत नीट बस आणि वाच.

बुधवारी सकाळी आला. चाळिशीचा, तांबूस दाढी, छान वाढवलेली. अंगात शर्ट बाहेर सोडलेला, वर विणलेला पट्टा. रुमानियाचा पासपोर्ट खिशात. फाटकातच त्याने दोन बोटांनी क्रूस काढला, घरात येऊन देवाच्या तसबिरींसमोर तीनदा वाकला, ईस्टरचं अभिवादन आपल्या जुन्या शब्दांत केलं. मला भरून आलं. इतक्या दिवसांनी तुझा निरोप घेऊन घरात कुणीतरी आलं होतं. मी पानात खारवलेली हेरिंग मासळी वाढायला घेतली.

आणि मग त्याने हसत हसत कमरेचा पट्टा सोडला आणि चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवला.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आजी ज्या खिळ्याला कांद्याची माळ लावायची, तोच खिळा. बाप्तिस्म्याच्या दिवशी बांधलेला पट्टा आपण न्हाणीघराशिवाय कुठे सोडतो का रे? झोपेतही तो कमरेला असतो. परक्याच्या घरी, तसबिरींसमोर, जेवायला बसताना पट्टा सोडायचा म्हणजे चारचौघांत विजार उतरवायची. झुरिलोव्काचं दूधपितं पोरही असं करणार नाही. आणि हा बुवा माझ्याकडे बघून असा प्रसन्न हसला, की जणू आता मी त्याला मुलगाच मानणार.

मी पान त्याच्यासमोर ठेवलं. डाव खाली ठेवला. त्याने दोन घास खाल्ले आणि विचारायला लागला. आपल्या मासेमाऱ्यांना माहीत असलेल्या मागच्या वाटा कोणत्या, बोरूच्या बनातून मोठी होडी कुठून जाते, धान्याचे पडाव मुखाशी कुठे थांबतात, पहारा कुठे असतो. "येव्सेय म्हणाला, तुमच्याइतकी नदी कुणाला माहीत नाही," म्हणाला. बरोबर आहे, नाही माहीत. या वाटांनी काय येतं-जातं ते मी इथे लिहिणार नाही. पण त्यातलं काही झिनोवीपर्यंत पोचतं, एवढं मला ठाऊक आहे. या माणसाला मी वाट दाखवली तर ती वाट माझ्या पोराच्या अंगावर उलटणार, हे मला ताटावरच कळलं.

मी म्हटलं, आज पाणी उतरलंय, उद्या सकाळी नेते. मग बादली घेऊन कालव्यावर गेले. पलीकडे हापका फावड्याने गाळ काढत होती. तुला आमचं गाळाचं भांडण माहीतच आहे. कालवा दोघींच्या मधोमध आहे आणि त्यातला गाळ कुणाचा, यावर तीस वर्षं आमचं एकमत नाही. माझ्या मागे दारात तुझा पाहुणा उभा राहून ऐकत होता. मी हापकाला हाक मारली, आणि तीही युक्रेनीत. आयुष्यात पहिल्यांदा.

"हापका, त्या गाळाबाबत तुझंच बरोबर होतं. सगळा तूच घे."

हापकाचं फावडं पाण्यात पडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दारात पाहिलं. फावडं बाहेर काढलं आणि एवढंच म्हणाली, की जरा वेळाने मीठ मागायला येते. हापकाने माझ्याकडे मीठ कधी मागितलेलं नाही. माझं मीठ तिला कडू लागतं.

ती आली, मी तिला मागच्या छपरीत नेलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. ती तिथूनच चौकीवर गेली. पन्नाशीनंतर गुडघ्यांचं कारण सांगून चर्चलाही न जाणारी बाई फळ्यांच्या पुलावरून पळाली म्हणे.

दुसऱ्या सकाळी मी त्याला होडीत बसवलं. वल्ही माझ्या हातात. अडुसष्टची झाले, पण वल्ही अजून माझ्याच हातात असतात. त्याने फोन मांडीवर धरला आणि दर वळणाला काहीतरी टिपून घेत होता. मी त्याला फिरवला, येव्सेय. असा फिरवला, की तुला पाहायला मिळालं असतं तर तू पाण्यात पडेपर्यंत हसला असतास. आपण लहानपणी पाहुण्यांना चकवायला ज्या बनात न्यायचो, त्या बनात नेला. एकाच बेटाला तीन बाजूंनी तीनदा दाखवलं आणि तिन्ही वेळा वेगळं नाव सांगितलं. एक नाव तर हापकाच्या मेलेल्या बोकडाचं होतं. तेही त्याने लिहून घेतलं.

तिसऱ्या वेळी त्याला शंका आली. म्हणाला, "आजी, हे आपण मघाशी पाहिलं ना?"

"बोरू सगळीकडे सारखाच असतो, बाळा," मी म्हटलं. "तू लिही."

तीन तासांनी मी होडी शेवटच्या वळणातून बाहेर काढली आणि बोरू संपला, तेव्हा समोर सरहद्द पहाऱ्याचा धक्का होता, मागच्या बाजूने. धक्क्यावर लेफ्टनंट रोमान्युक आणि चार शिपाई ओळीने उभे होते, आणि त्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून, हापका. तुझा पाहुणा पांढराफटक पडला. फोन पाण्यात टाकायला गेला, तो मी वल्ह्याने अडवला. फटका मनगटावर जरा जास्तच बसला असेल.

त्याला वर खेचला तेव्हा मी शालीखालून त्याचा पट्टा काढला. सकाळी तो खिळ्यावरच विसरून आला होता. मी त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा बांध. परक्याच्या घरी नागव्याने जाऊ नये."

शिपाई हसले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून कुणी सैनिक असा हसला, आपल्या घरच्या म्हातारीकडे बघून हसतात तसा. त्यांच्यातला एक मला "फेन्या आजी" म्हणाला. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

हे तुला का सांगतेय? रागाने सांगतेय. तुझ्या लोकांनी त्याला शिकवायला कुणाला गाठलं, तर तुला. आणि तू काय शिकवलंस? पट्ट्याचीही तुला आठवण नाही? सातव्या वर्षी आजीने त्याच खिळ्यावरून तुझी काय गत केली होती, तेही गेलं डोक्यातून? आधी तळघर, मग हे. तू माझ्या घरी माझ्या पोराचा जीव घ्यायला माणूस पाठवलास आणि तोही इतक्या गचाळपणे, की मला तुझी लाजच जास्त वाटली. मार्चमधल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. तू माझा भाऊ नाहीस.

फेव्रोन्या


विल्कोवे, ६ मे २०२३
(हे पत्र पाठवायचं नाही. तसबिरीमागे ठेवणार.)

येव्सेयका, माझ्या बाळा,

आज मी इतक्या घाईने लिहितेय की अक्षर लागणार नाही. लागू नये तेच बरं.

दुपारी लेफ्टनंट रोमान्युक आला होता. तरुण आहे, ल्विवकडचा, सुरुवातीला माझं बोलणं ऐकून तोंड आंबट करायचा. आज बूट दारात काढून आत आला. कागदावर माझी सही हवी होती. आधी त्याने ताकीद दिली की या प्रकरणाबद्दल कुणालाही काही बोलायचं नाही. मग चहा घेतला. मी त्याला आल्यागेल्याचा कप दिला, त्याने तो तपासून विचारलं, "हा परक्यांचा ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग बरोबर. त्याला आता आपल्या रीती माहीत झाल्यात.

मग हसत सांगायला लागला. तो तेरेंती चौकशीत फार चिडला होता म्हणे. बाकी सगळं त्याला पुस्तकातून शिकवलं होतं, प्रार्थना, बोटं, नमस्कार. पण घरातल्या रीती विल्कोवेचा एक म्हातारा शिकवत होता. तुझं नाव नाही घेतलं त्याने, पण रोमान्युकने माझ्याकडे पाहिलं. तेरेंती म्हणाला, त्या म्हाताऱ्याने ती एक गोष्ट माझ्याकडून तीन-तीनदा करून घेतली. दारातून आत शिर, वाक, मग पट्टा सोड आणि चुलीशेजारच्या खिळ्याला लाव. बाकी चुकलं तरी चालेल, हे चुकवू नकोस. म्हातारी तुला लगेच ओळखेल.

तीनदा करून घेतलं. खिळ्याची जागासुद्धा सांगितली.

माझ्या हातून बशी निसटली. रोमान्युकला वाटलं, मी थकले. मी म्हटलं, हो, थकले.

येव्सेय, तो खिळा तुला आठवतो. चाळीस वर्षांनी, चुलीच्या कुठल्या बाजूला तेही आठवतं. मग त्या खिळ्यावर काय झालं ते कसं विसरशील? तू सात वर्षांचा होतास, मी बारा. कालव्यात पोहून आलास, पट्टा ओला म्हणून वाळायला खिळ्याला लावलास आणि तसाच जेवायला बसलास. आजीने काही मारलं नाही. तिने जपमाळ दिली आणि तसबिरींसमोर जमिनीला कपाळ लावून नमस्कार घालायला लावले. दोनशे की अडीचशे, मला आता आकडा आठवत नाही. दुपार टळून गेली. तुझे गुडघे सोलले. मी चुलीमागे लपून तुला काकडीचे तुकडे देत होते आणि तू रडत रडत खात होतास. आजी मोजत होती आणि मला पाहूनही न पाहिल्यासारखं करत होती. त्यानंतर तू सोविएत सैन्यात गेलास तेव्हाही गणवेशाखाली पट्टा बांधून गेलास. डोळे फुटेपर्यंत मीच तो विणला होता.

तू विसरला नव्हतास. तू मला हाक मारलीस. त्यांनी तुझ्या मानेवर हात ठेवला असेल, तुला दुसरा मार्ग नसेल, तर तू त्यांच्याच माणसाच्या कमरेला बांधून मला सांगावा पाठवलास. आणि मी काय केलं? तुला पत्र लिहिलं की तू माझा भाऊ नाहीस. त्याहून भयंकर म्हणजे त्यात सरळ लिहिलं, की पट्ट्यावरून मी त्याला ओळखलं आणि सातव्या वर्षीचं आठवत नाही का. तुमच्याकडे पत्रं वाचतात. ते पत्र रोस्तोवला पोचलं असतं, तर ज्याने तुला शिकवायला बसवलं त्याला कळायला किती वेळ लागला असता? मी स्वतःच्या हाताने तुझ्या गळ्यात दोर घालून पाकीट चिकटवलं होतं.

लेफ्टनंट वाटेला लागला तशी मी मेलान्याला फोन लावला. सात दिवस झाले होते. ड्रायव्हरने पत्र तिच्याकडे सोमवारीच दिलं होतं. मी विचारलं, माझं पत्र टाकलंस का?

"कुठलं पत्र?" मेलान्या म्हणाली. "थांब हं, शेळी बांधून येते."

मी तीन मिनिटं फोन कानाला लावून उभी होते. आयुष्यात मी इतकी प्रार्थना केलेली नाही. ती परत आली आणि सांगायला लागली, की नदी चढली आहे, तुल्चाची बोट आठवडाभर आलेली नाही, पोस्टाची तिकिटं आणायची राहिली, आणि पत्र लोणच्याच्या बरणीखाली आहे, जरा ओलं झालंय, मी रागावू नये. तिला मी काय सांगू, येव्सेय? मी म्हटलं, मेलान्या, देव तुझी शेळी शंभर वर्षं जगवो. ते पत्र चुलीत घाल.

"वाचून घालू की न वाचता?"

मी म्हटलं, तू आधीच वाचलेलं आहेस. ती म्हणाली, हो, आणि तो बोकडाचा भाग मला फार आवडला. फोन चालू ठेवूनच तिने ते जाळलं. मला कागदाचा आवाज ऐकू आला.

रोमान्युकला मी काही सांगितलं नाही. जितक्या कमी लोकांना माहीत तितकं तुझ्यासाठी बरं. हापकाला मात्र सांगावं लागलं नाही. संध्याकाळी फळीवरून आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यानेच केलं ना?" मी मान हलवली. आम्ही दोघी कालव्याच्या कडेला बसून रडलो, मग हसलो. मग तिने आठवण करून दिली की सगळा गाळ तिचा, मी साक्षीदारासमोर कबूल केलंय. मी म्हटलं, साक्षीदार तुरुंगात आहे.

तू जिंकलास, बाळा. तिथे एकटा बसून, त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तू जिंकलास आणि कुणाला पत्ताही नाही. माझा ऊर भरून आलाय आणि मला ते गावभर ओरडून सांगता येत नाही.

उद्या तुला दुसरं पत्र लिहिते. ते वाचून चिडू नकोस.

तुझी फेन्या


विल्कोवे, ७ मे २०२३
(हे पाठवलं. नक्कल ठेवली.)

येव्सेय,

तुझा पाहुणा दोन दिवस राहिला आणि गेला. कुठे गेला मला माहीत नाही आणि मला त्यात पडायचं नाही. यापुढे माझ्या घरी कुणाला पाठवू नकोस.

तू लहानपणापासून असाच आहेस. सातव्या वर्षी आजीने तुला जी शिक्षा केली ती कमीच पडली, एवढंच मला म्हणायचं आहे. तिने अजून करायला हवी होती. मला त्या दिवसाची रोज आठवण येते.

आपला संबंध संपला.

फेव्रोन्या


विल्कोवे, २२ जून २०२३
(हेही तसबिरीमागे.)

येव्सेयका,

आज मेलान्याकडून पाकीट आलं. या वेळी ड्रायव्हरने ते माझ्या हातात दिलं, हापका शेजारी उभी होती तरी. आत एक पोस्टकार्ड. रोस्तोवच्या पुलाचं चित्र. मागे तुझं अक्षर, वाकडं, पण तुझंच. हापका म्हणाली, मोठ्याने वाच. मी वाचलं.

"बाईसाहेब, पत्र मिळालं. संबंध संपला तर संपला. आजीने दिले ते तीनशे होते. गुडघे अजून दुखतात. येव्सेय."

एवढंच.

तीनशे. मी अडीचशे धरून बसले होते आणि तू नकळत आकडा दुरुस्त केलास, म्हणजे माझं म्हणणं तुला पोचलं. हापकाने कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाली की तुमच्या लिपोवान लोकांचं प्रेम फार महागात पडतं, गुडघे जातात. मग तिनेच माझ्यासाठी तसबिरींसमोर गोधडी घातली. ती आत आली, आपल्या घरात, तिच्या पंथाच्या नसलेल्या घरात, आणि बाकावर बसली.

मी तीनशे घातले. अडुसष्टाव्या वर्षी, जमिनीला कपाळ लावून, पट्टा घट्ट बांधून. मोजायला हापका होती, युक्रेनीत मोजत होती. एकशेचाळीसनंतर ती चुकली आणि पुन्हा शंभरापासून सुरू झाली, तेव्हा मी उठून भांडणार होते, पण म्हटलं जाऊ दे, जास्तीचे झिनोवीच्या नावावर. तिच्यासाठी मी तसबिरींखालच्या फळीवरून आजीचा कप काढला. परक्यांचा नाही, घरातला. तिने तो हातात घेतला, आत पाहिलं आणि ओठाला लावला. गाळाचा विषयही काढला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच फळीवरच्या कपांतून चहा प्यायलो.

झिनोवीचा काल फोन आला. धडधाकट आहे. मी त्याला विचारलं, कमरेला पट्टा आहे ना? तो म्हणाला, आई, तुला दुसरं काही सुचत नाही का. आहे, म्हणाला.

लोक मला विचारतात, तुमचा भाऊ तिकडे, मुलगा इकडे, तुम्ही नक्की कुणाच्या? आता मी उत्तर देत नाही, नुसती हसते. एक ना एक दिवस सांगेन. हा रस्ता उघडेल, पेरिप्रावाची बोट सरळ आपल्या धक्क्याला लागेल, आणि मी सगळ्या गावाला धक्क्यावर उभं करीन, रोमान्युकलाही, आणि मग सांगेन.

तळघराचं मात्र तू खरंच विसरला होतास का, ते आल्यावर विचारणार आहे. त्याची तयारी ठेव.

खिळ्याला मी पुन्हा कांद्याची माळ लावली आहे, तिथे आता दुसरं काही लागणार नाही. येशील तेव्हा पट्टा बांधूनच आत शिर.

फेन्याताई